चित्र वाचायला शिकताना

नवख्यांची पहिली चूक ठरलेली असते. चित्र किंवा छायाचित्र समोर आलं की लगेच लिहितात, ‘यात एकटेपणा जाणवतो.’ तो चित्रात नेमका कुठे आहे, असं विचारलं की गाडी अडते. म्हणून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त दिसतं ते, उजवीकडे त्यावरून काढलेला अर्थ. ‘बाई दुःखी आहे’ हे उजवीकडचं वाक्य. ‘मान खाली, ओठ मिटलेले, हात गालावर’ हे डावीकडचं. उजवीकडच्या ज्या वाक्याला डावीकडे आधार सापडत नाही, ते खोडा.

पहिली दहा मिनिटं शीर्षक आणि चित्राखालची ओळ झाकून ठेवा. ती वाचली की डोळे तिचाच पुरावा शोधत फिरतात. चित्राचे चार भाग कल्पून एकेक पाहा. कडा तर मुद्दाम तपासा: अर्धा कापलेला माणूस, चौकटीबाहेर लागलेली नजर. कॅमेरा किती उंचीवर होता, प्रकाश कुठून येतो, हेही डावीकडेच नोंदवा.

यानंतरचा टप्पा बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात: चित्र कोणत्या तंत्राने तयार झालं? छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या दागेरने 1838 मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचं छायाचित्र घेतलं. रस्ता जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. पण ज्या प्लेटवर चित्र उमटायचं तिच्यावर काही मिनिटं प्रकाश पडू द्यावा लागे, त्यामुळे चालती माणसं, धावत्या गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस तेवढा ठळक टिकला. इथे ‘ओसाड शहर’ असा अर्थ काढणं म्हणजे तंत्राची मर्यादा भावना म्हणून वाचणं.

त्याच दृश्याचं दुसरं चित्र आहे का, हेही शोधा. ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटनने 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर एकाच जागेवरून दोन छायाचित्रं घेतली. एकात तोफगोळे रस्त्यावर विखुरले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. गोळे मुद्दाम मांडले का, यावर खूप वाद झाला. नंतर दोन्ही चित्रांतले बारीक दगड ताडून पाहिले. रस्त्यावर गोळे असलेल्या चित्रात ते उतारावर खाली सरकलेले आढळले, म्हणजे मोकळ्या रस्त्याचं चित्र आधीचं. एकटं चित्र कितीही वेळ न्याहाळलं असतं तरी हे कळलं नसतं.

रंगचित्रांत काळाची रीत आडवी येते. चित्रकार यान व्हान आयकच्या 1434 मधल्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रातली स्त्री आज पाहणाऱ्याला गरोदर वाटते. तिचा हात पाहा: घोळदार झग्याच्या चुण्या तिने पोटाशी उचलून धरल्या आहेत, आणि तेव्हाचा पोशाख तसाच असे. डावीकडे ‘पोट पुढे’ न लिहिता ‘पोटाशी उचललेलं कापड’ लिहिलं, तर उजवीकडचं वाक्य आपोआप बदलतं.