डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर असेल, तर मधली वाट आधी बंदिस्त करा

फोंड्याजवळच्या एका देवस्थानाच्या भक्तनिवासाचं ऑनलाइन बुकिंग मी डिचोलीतून घरी बसून सांभाळते. वेबसाइट एका सर्व्हरवर आहे, पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारा प्रोग्राम) डेटाबेस दुसऱ्यावर. साइट एचटीटीपीएसवर होती, म्हणून मी निर्धास्त होते. एकदा वेब सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारं साधन) लावून पोस्टग्रेसच्या 5432 पोर्टवरून काय जातंय ते पाहिलं, तर अख्खी नोंद वाचता आली: भक्ताचं नाव, मोबाइल नंबर आणि खाली, ‘आईला जिना चढवत नाही, तळमजल्याची खोली द्यावी.’ एचटीटीपीएसचं संरक्षण ब्राउझरपासून वेब सर्व्हरपर्यंतच असतं. पुढची वाट आपणच झाकायची, म्हणजे एन्क्रिप्ट करायची असते.

सुरुवात फायरवॉलपासून (कोणाला कोणत्या पोर्टवर येऊ द्यायचं ते ठरवणारी चौकी) करा. 5432 (मायएसक्यूएल असेल तर 3306) फक्त वेब सर्व्हरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) उघडा. दोन्ही सर्व्हर एकाच पुरवठादाराकडे असतील, तर खासगी नेटवर्कचा पत्ता वापरा, म्हणजे डेटाबेस इंटरनेटवर दिसणारच नाही.

माझी चूक इथेच झाली होती. आमच्याकडे पावसात वीज गेली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि घरचा आयपी बदलतो. घरून डेटाबेसला जोडता यावं म्हणून तो आयपी फायरवॉलच्या यादीत होता. दर वेळी ती यादी बदलायचा कंटाळा येऊन मी ‘आजच्यापुरतं’ म्हणून 0.0.0.0/0 लिहिलं, म्हणजे साऱ्या जगाला दार उघडं. ते तीन आठवडे तसंच राहिलं. आता घरून जायचं तर एसएसएचचा (सर्व्हरवर झाकलेल्या वाटेने लॉगिन करायची सोय) बोगदा: माझ्या लॅपटॉपचा 5433 पोर्ट एसएसएचमधून डेटाबेस सर्व्हरच्या 127.0.0.1:5432 ला (म्हणजे त्याच्या स्वतःच्याच आतल्या पत्त्याला) जोडते. एसएसएचला लॉगिन फक्त कीने (लॅपटॉपवरच्या किल्लीच्या फाइलने), पासवर्डने नाही. घरचा आयपी कितीही बदलला तरी डेटाबेसच्या पोर्टला हात लावावा लागत नाही.

मग डेटाबेस सर्व्हरवर एसएसएल (मधला मजकूर झाकणारी सोय) चालू करा. प्रायव्हेट कीच्या फाइलला 600 परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी, किंवा फाइल रूट युजरच्या मालकीची असेल तर 640, नाहीतर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. पीजी_एचबीए फाइलमध्ये (कोण, कुठून आणि कसं जोडू शकतं ते इथे ठरतं) ‘होस्ट’ऐवजी ‘होस्टएसएसएल’ लिहा आणि पासवर्ड तपासायची पद्धत ‘स्क्रॅम-शा-256’ ठेवा. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. वर एखादी जुनी ‘होस्ट’ ओळ राहिली, तर खालच्या ‘होस्टएसएसएल’चा काही उपयोग नाही, कारण ‘होस्ट’ला उघडं कनेक्शनही चालतं. मायएसक्यूएलमध्ये हेच काम ‘रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट’ करतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं. अ‍ॅपच्या बाजूला, म्हणजे वेब सर्व्हरवर, ‘एसएसएलमोड’ काही लिहिला नाही, तर लिबपीक्यूवर (पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) चालणाऱ्या ड्रायव्हरमध्ये तो ‘प्रिफर’ असतो: जमलं तर एसएसएल, नाहीतर तसंच उघडं. ‘रिक्वायर’ लिहिलं की मजकूर झाकला जातो, पण समोर आपलाच सर्व्हर आहे का, याची खात्री होतेच असं नाही. मध्ये कोणी तोतया सर्व्हर बसवला, तर आपण त्याच्याशीही झाकून बोलत राहू. म्हणून ‘व्हेरिफाय-फुल’ लिहा आणि ‘एसएसएलरूटसर्ट’मध्ये रूट प्रमाणपत्राची (ज्याच्या आधारे सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं) फाइल द्या. कनेक्शन प्रमाणपत्रावरच्या नावाने करा. आयपी टाकलात आणि प्रमाणपत्रावर नाव असलं, तर एरर येईल. बरेच जण तिथे वैतागून पुन्हा ‘रिक्वायर’वर येतात. कृपया येऊ नका, नाव दुरुस्त करा.

अ‍ॅपसाठी वेगळा युजर काढा. आमच्या युजरला बुकिंगच्या तक्त्यांवर वाचणं, भरणं आणि बदलणं एवढंच जमतं. पासवर्ड कोडमध्ये नको. तो एन्व्ह फाइलमध्ये (अ‍ॅपच्या सेटिंगची वेगळी फाइल) ठेवा, आणि ती फाइल गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) जाऊ देऊ नका.

झालं म्हणून सोडू नका, तपासा. ‘पीजी_स्टॅट_एसएसएल’ या पोस्टग्रेसच्या व्ह्यूमध्ये (तक्त्यासारखी माहिती) कोणतं कनेक्शन झाकलेलं आहे ते कळतं. मग मुद्दाम ‘एसएसएलमोड’ ‘डिसेबल’ करून वेब सर्व्हरवरून जोडून बघा. ‘नो एन्क्रिप्शन’ म्हणत नकार आला पाहिजे. जोडलं गेलं, तर वरची ती ‘होस्ट’ ओळ शोधा.

प्रमाणपत्राची मुदतही लिहून ठेवा. ‘व्हेरिफाय-फुल’मध्ये मुदत संपली की बुकिंग थेट बंद पडतं. नवीन फाइल नुसती ठेवून भागत नाही, पोस्टग्रेस रीलोड करावं लागतं. मुदत चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत संपणार असेल, तर आठवडाभर आधीच बदला. त्या दिवसांत मी माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधत असते, आणि भक्तनिवासाचा फोन घ्यायलाही कोणी नसतं.