जुन्या पिकअपचं इंजिन-गिअरबॉक्स आणायची तयारी, आणि ते एक बेअरिंग

गेल्या संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडीत माझी पिकअप ऐन कामात बसली. इंजिनचं कॉम्प्रेशन गेलेलं, गिअरबॉक्स रडत होता, नवीन गाडीची ऐपत नाही, म्हणून एका भंगारवाल्याकडून इंजिन आणलं आणि दुसऱ्याकडून गिअरबॉक्स. दोन्ही चांगले होते, दोन्ही नीट पाहून घेतले होते. तरी सहा आठवड्यांत वरुडच्या रस्त्यावर संत्र्याचे क्रेट भरलेली गाडी उभी राहिली, माल दुसऱ्याच्या गाडीत टाकून पाठवावा लागला, आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर जे दिसलं ते पाहून मी तिथंच खाली बसलो. काय दिसलं ते पुढं सांगतो. आता चुलतभावाला त्याच्या गाडीसाठी हेच करायचं आहे, त्याच्यासाठी हे लिहून राहिलो, ज्याला लागेल त्यानं घ्या. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच ध्यानात ठेवा: पायलट बेअरिंग, म्हणजे इंजिनच्या क्रँकच्या (मुख्य फिरत्या शाफ्टाच्या) मागच्या भोकातलं छोटं बेअरिंग, ज्यात गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टाचं टोक बसतं. बाकीच्या चुका मिस्त्री सांभाळून घेतो, ही नाही सांभाळता येत.

निघायच्या आधी घरचं काम. पाने, टॉर्च, जुने कपडे, पाणी हे काय सांगायचं. पण तारेचा ब्रश, थोडं रॉकेल किंवा डिझेल, खडू, एक सरळ लोखंडी पट्टी आणि व्हर्निअर (मिलिमीटरचं बारीक माप घ्यायचं साधन), हे घ्याच. व्हर्निअर नसेल तर गावातल्या टर्नरकडून मागून आणा, अंदाजानं बोटं लावून माप होत नाही. स्वतःच्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स ठेवा आणि जुन्या इंजिनचे चारही बाजूंनी फोटो काढा, फाउंडेशन (इंजिन चेसिसवर टेकतं ती जागा) कुठं आहे, सेल्फ कोणत्या बाजूला आहे, फिल्टर कुठं येतो, चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, खोल भाग पुढं आहे का मागं. चेंबर चुकीचं निघालं तर ते पुढच्या एक्सलवर किंवा क्रॉस मेंबरवर बसतं आणि मग इंजिन खाली उतरतच नाही. आणि स्वतःचा जुना गिअरबॉक्स भंगारात देऊ नका भाऊ, मी दिला होता. चार पैसे सुटले, पण माप घ्यायला जी एकच खरी वस्तू होती ती गेली. नवा बसून गाडी चांगली चालेपर्यंत जुना कोठ्यात पडून राहू द्या. त्याच्या पुढच्या शाफ्टाच्या नाकाची जाडी आणि लांबी आजच मोजून कागदावर लिहा. नाक म्हणजे दात संपल्यावर पुढं जो गुळगुळीत बारीक तुकडा राहतो तो. तोच पायलट बेअरिंगमध्ये जातो.

आता इंजिन ओळखणं. भंगारात दहा इंजिनं एकावर एक रचलेली असतात, सगळी काळी, सगळ्यांवर ऑइल आणि मातीचा थर, आणि दुकानदार जे नाव सांगेल ते आपण ऐकतो. ऐकू नका. ब्रशनं घासा आणि नंबर वाचा. ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात. उठावदार आकडे ओतकामाचे असतात, ते साच्याचे, एकाच साच्यातून निघालेल्या सगळ्या ब्लॉकवर सारखे. सपाट घासलेल्या पट्टीवर ठोकून कोरलेले असतात तो खरा इंजिन नंबर, आरसीवर तोच असतो. ही पट्टी ग्राइंडरनं घासलेली दिसली, किंवा आकडे एका रेषेत नाहीत, ठोक कमीजास्त खोल आहे, तर किंमत कितीही कमी असो, उठा आणि चालायला लागा.

टाटाच्या जुन्या इंजिनात नावातच माप आहे. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाची रुंदी), स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०० मिमी, २९५६ सीसी, हे ४०७ मध्ये आलं आणि २०७ डीआय पिकअपमध्येही. ४८३ म्हणजे ८३ मिमी बोअरचं १९४८ सीसी, जुन्या टाटामोबाईलचं. ४७५ हे इंडिकावालं १४०५ सीसी, ते कोणी पिकअपचं म्हणून गळ्यात मारत असेल तर ओझ्याच्या कामाला ते घेऊ नका. जुन्या महिंद्रा जीपमधलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० पण तसंच, ४ सिलिंडर, ९० मिमी, २११२ सीसी. महिंद्राचं एमडीआय ३२०० मात्र या हिशेबात बसत नाही, त्यातले ३२०० म्हणजे सीसी नव्हे, ते इंजिन २५२३ सीसीचं आहे, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. जुन्या बोलेरो पिकअप, कॅम्परवाल्यांचं हेच इंजिन. हे टर्बोवालं आणि बिनटर्बोचं दोन्ही मिळतं, तर मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरचा पाइप आपल्याशी जुळतो का ते तिथंच पाहा. टेम्पो ट्रॅक्स गाडीतलं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, चांगलं इंजिन, पण महिंद्राच्या बॉक्सला ते आपोआप लागत नाही, कोणी कितीही शपथा घेतल्या तरी.

कॉमन रेल असलं, म्हणजे नोझलवर वायरचे कनेक्टर दिसले, तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर, अॅक्सलरेटरचा पेडल आणि चावी एकाच गाडीची मिळाली तरच घ्या. नुसतं इंजिन आणलं तर ते पडून राहील. आमच्यासारख्यांनी साध्या पंपाचं डिझेल धरावं, त्याला स्टॉप सोलेनॉइडला (पंपावरचा डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) १२ व्होल्ट दिले आणि डिझेल पोचलं की ते चालतं.

तपासणी. आधी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. फिरत नसेल तर पुढं काही पाहू नका. डिपस्टिकवर ऑइल दुधासारखं असलं तर पाणी उतरलेलं आहे, हेड वाकलेलं नाहीतर फुटलेलं धरा. पुली हातानं मागंपुढं ढकला, डोळ्याला खेळ दिसला तर थ्रस्ट वॉशर गेले, आणि काही वेळा ते गळून ब्लॉक पण खाल्लेला असतो. चालू करून दाखवत असतील तर फारच बरं, ऑइलचं झाकण काढून पाहा, तोंडावर ठेवलेलं झाकण थोडं थरथरलं तर चालतं, उडून पडलं आणि भकाभका धूर आला तर रिंग-लायनर गेले. सकाळी थंड असताना चालू करायला सांगा. आपण पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर का म्हणून विचारा. चेंबर उघडू देत असतील तर एक बेअरिंगची कॅप काढून शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या) पाठीवरचा आकडा वाचा, स्टँडर्ड आहे का ०.२५ का ०.५०, त्यावरून क्रँक किती मिमी घासलेला आहे ते कळतं. ०.५० च्या पुढं गेलेला क्रँक मी घेणार नाही. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो बहुतेक, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो म्हणून मिस्त्री लोक तो काढूनच टाकतात, पण त्यानं हिवाळ्यात इंजिन कधी तापावर येत नाही आणि लायनर झिजतात. नवा लावा, रेडिएटर साफ करा, तो खरा इलाज.

गिअरबॉक्स. महिंद्रात केएमटी ९० हा चार गिअरचा, बीए १० आणि एनजीटी ५३० हे पाच गिअरचे. नावाची प्लेट क्वचितच राहते. एक पद्धत सांगतो जी कोणत्याही बॉक्सला चालते: पहिला गिअर टाका, पुढच्या शाफ्टावर आणि मागच्या फ्लँजवर खडूनं खूण करा, मागचा एक पूर्ण फेरा व्हायला पुढचे किती फेरे लागतात ते मोजा. साडेतीन-चारच्या घरात आले तर माल वाहायला बॉक्स बरा. मग प्रत्येक गिअर टाकून फिरवा. चार गिअरच्या बॉक्सला चौथ्यात फेऱ्याला फेरा येतो, पाचवाल्याला सहसा चौथ्यात येतो आणि पाचव्यात पुढचा फेरा पूर्ण व्हायच्या आतच मागचा होऊन जातो. ड्रेन प्लग काढून ऑइल बोटावर घ्या, सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो रिंग (गिअर न खरखरता लागावा म्हणूनच्या पितळी रिंगा) झिजून राहिल्या, लोखंडाची कणी म्हणजे गिअर तुटला. मागचा फ्लँज, स्पीडोमीटरची केबल, फाउंडेशन आपल्याशी जुळतं का ते पाहा. ही कामं मी मागच्या वेळी सगळी केली होती. एकूण एक.

पायलट बेअरिंग पाहिलं नाही.

हे नीट समजून घ्या. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टाला मागून बॉक्समधल्या बेअरिंगचा आधार असतो, आणि पुढच्या टोकाला आधार क्रँकच्या मागच्या भोकातल्या या छोट्या बेअरिंगचा, काही इंजिनांत बेअरिंगऐवजी पितळी बुश असतो. नाक त्यात गेलं तर शाफ्ट दोन्हीकडून धरलेला राहतो. नाही गेलं तर तो एका बाजूनं लोंबतो. आणि घात असा की बॉक्स तरीही बसतो. बेल हाउसिंगचे (बॉक्सच्या पुढच्या, इंजिनला टेकणाऱ्या घंटेसारख्या खोळीचे) बोल्ट बसतात, क्लच प्लेटचे दात जुळतात, गाडी चालते, पहिल्या दिवशी काही कळत नाही. माझ्या गाडीला दुसऱ्या आठवड्यात रिव्हर्स टाकताना खर्र व्हायला लागलं, मिस्त्री म्हणाला क्लच सेट होईल. मग क्लच दाबला की घरघर, मग तिसरा गिअर चढावर निसटायचा, मग पुढच्या बेअरिंगनं जीव सोडला, सील गेलं आणि गिअर ऑइल क्लच प्लेटवर आलं.

बॉक्स उतरवला तेव्हा शाफ्टाच्या नाकावर भंगारवाल्यानं खूण म्हणून मारलेला पिवळा रंग होता तसाच होता. सहा आठवडे गाडी चालली, आणि त्या रंगावर एक ओरखडा नाही. तिकडं क्रँकमधल्या पायलट बेअरिंगला नव्या ग्रीसचा थर जसाच्या तसा. दोघांची कधी भेटच झाली नव्हती. मोजलं तर नाक १२ मिमी आखूड. बारा मिलिमीटरपायी बॉक्सचं बेअरिंग, क्लच प्लेट, सील, दोन वेळा उतरवायची मजुरी आणि तोडीचे नऊ दिवस गेले.

म्हणून पैसे द्यायच्या आधी, तिथंच, मातीत बसून मोजायचं. बॉक्सकडं: बेल हाउसिंगच्या तोंडावर आडवी पट्टी ठेवा आणि नाकाचं टोक पट्टीच्या आत किती किंवा बाहेर किती ते व्हर्निअरनं घ्या. बाहेर येत असेल तर पट्टी दोन ठोकळ्यांवर ठेवा आणि ठोकळ्याच्या जाडीतून पट्टी आणि नाकामधलं अंतर वजा करा. इंजिनकडं: ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून पायलट बेअरिंगचं तोंड किती आत किंवा बाहेर आहे ते घ्या, मधे पत्र्याची बॅक प्लेट येत असेल तर तिची जाडी धरा. दोन्ही आकडे शेजारी लिहा. नाक बेअरिंगच्या पूर्ण रुंदीत गेलं पायजे आणि भोकाच्या तळाला टेकलं नाही पायजे. मग जाडी: नाकाची जाडी आणि बेअरिंगचं आतलं भोक. मग शाफ्टाचे दात मोजा आणि क्लच प्लेट हातानं सरकवून पाहा, सैल डुगडुगली तरी नको, अडकली तरी नको. क्रँकच्या भोकात बेअरिंगच नसेल, रिकामं असेल, तर तेही पाहा, कारण काढताना बरेचदा ते काढून ठेवतात आणि हरवतं. चहा-नाश्त्याच्या पैशात येणारी वस्तू आहे. बोट घालून पाहा. टॉर्च मारून पाहा. मिस्त्री म्हणाला "बसल्यावर पाहू" तर बसू देऊ नका.

शक्य असेल तर इंजिन आणि बॉक्स एकाच गाडीचा, जोडलेलाच संच घ्या, दोन-चार हजार जास्त गेले तरी. जोडलेला असला तरी घरी आणून वेगळा करा आणि पायलट बेअरिंग पाहाच. आखूड नाकाला टर्नरकडून पायरीचा बुश करून घेता येतो, पण मध्य बरोबर धरणारा टर्नर पायजे, आणि १२ मिमीला मी तो धोका घेतला नाही, दुसरा बॉक्स आणला.

कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरचा तपशील वेगळा पडेल, म्हणजे इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. त्यासाठी पक्कं बिल, बिलावर इंजिन नंबर, आणि ज्या गाडीतून निघालं तिचे कागद. बिल नाही म्हणाला तर इंजिन नाही. अपघात झाला की विमावाले आधी नंबर पाहतात. विहिरीवर पंपाला लावायचं असेल तर आरसीचा प्रश्न नाही, पण चोरीचा माल नको म्हणून बिल तेव्हाही घ्याच.

बसवणं थोडक्यात. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, पायलट बेअरिंग चौघं नवे. प्लेट मध्यावर आणायला जुन्याच गिअरबॉक्सचा तसाच शाफ्ट घालून मग प्रेशर प्लेट आवळा. बॉक्स हातानं सरकत ब्लॉकला टेकला पायजे, बोल्ट आवळून ओढून टेकवला तर हाउसिंगचा कान तुटतो. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टॉर्क पान्यानं. गिअर ऑइल जुन्या पितळी सिंक्रोला जीएल-४, दुकानदार जीएल-५ देईल, परत करा. इंजिन ऑइल आणि फिल्टर पाचशे किलोमीटरला एकदा बदला, मग नेहमीसारखं. पहिले काही दिवस अर्धा माल.

चुलतभाऊ परवा निघून राहिला. व्हर्निअर त्याच्या पिशवीत टाकलं आहे, शाफ्टाचा कागद खिशात, आणि त्याच्या मापाचं नवं पायलट बेअरिंग आधीच आणून ठेवलं आहे, म्हणजे भोकात हातानं लावून पाहता येईल.