पूर्वेकडचा कोपरा: घरी आयकॉनसमोर प्रार्थना कशी करावी

ऑर्थोडॉक्स, म्हणजे रशिया-ग्रीससारख्या देशांतल्या पूर्वेकडच्या परंपरेच्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनेचा एक ठरलेला कोपरा असतो. रशियात त्याला 'क्रास्नी उगोल' म्हणतात. 'क्रास्नी' म्हणजे आज लाल, पण जुन्या रशियनमध्ये सुंदर. असा कोपरा मांडायला दोन आयकॉन, म्हणजे वंदनासाठी रंगवलेली पवित्र चित्रे, पुरतात: ख्रिस्ताचा आणि बाळ येशूसह मरियेचा. आपण समोर उभे राहिलो की ख्रिस्त उजवीकडे, मरिया डावीकडे, मधे किंवा वर क्रूस. आपल्या नावाच्या संताचा आयकॉन नंतर येऊ द्या. सुरुवातीलाच भिंत भरली की नजर कुठेच ठरत नाही.

भिंत शक्यतो पूर्वेची घ्या. जमत नसेल तर घरातली शांत भिंत चालेल, मात्र टीव्हीच्या वर किंवा शेजारी नको. उभ्याने प्रार्थना करायची असते, म्हणून ख्रिस्ताचे डोळे आपल्या डोळ्यांच्या उंचीला किंवा किंचित वर हवेत.

आयकॉन लाकडी फळीवरचा असेल तर पावसाळ्यात जपावे लागते. कोकणात, मुंबईत बाहेरच्या भिंतीला ओल धरते. आयकॉन तिला चिकटून असला की फळी वाकते आणि रंगाला चिरा जातात. मागे बोटभर फट ठेवा. ऊनही थेट पडू देऊ नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका; ओले फडके कधीच नको. हार घालण्याचा, कुंकू लावण्याचा मोह आवरा, ओल्या फुलांचा दमटपणा थेट रंगात उतरतो. फुले खाली फुलदाणीत छान दिसतात.

दिव्यासाठी काचेच्या पेल्यात तळाशी पाणी, वर दोन बोटे तेल आणि तरंगती वात. तेल संपले की वात पाण्याला टेकून विझते, म्हणून ही पद्धत सुरक्षित. परंपरेत ऑलिव्ह तेल वापरतात. ते परवडत नसेल तर तिळाचे चालेल. खोबरेल पुण्याच्या थंडीत गोठते आणि वात तेल ओढत नाही. वात तेलाच्या वर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर राहू द्या. ज्योत फडफडून काळा धूर निघू लागला, तर वात लांब झाली आहे असे समजा. ती काजळी थेट आयकॉनवर बसते. ज्योतीच्या वर हातभर जागा मोकळी हवी. घराबाहेर पडताना दिवा विझवा.

धूप घालायचा तर कोळसा पुरता पेटून वर राखेची साय धरेपर्यंत थांबा, मग मुगाएवढा एकच खडा कडेला ठेवा. ऐन निखाऱ्यावर टाकला तर तो करपतो.

आता प्रार्थना. दिवा लावून क्षणभर गप्प उभे राहा. घाईने सुरू केली तर शब्द तोंडातच राहतात. मग क्रूसाची खूण करा. अंगठा, तर्जनी, मधले बोट एकत्र, उरलेली दोन तळहाताला टेकवून: कपाळ, पोट, उजवा खांदा, मग डावा. नंतर तीनदा म्हणा, 'पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवान, पवित्र अमर, आमच्यावर दया कर.' पुढे प्रभूची प्रार्थना ('हे आमच्या स्वर्गातील पित्या'), मग बायबलमधले स्तोत्र ५१. ऑर्थोडॉक्स पुस्तकांत ते ५० क्रमांकाखाली सापडेल, कारण बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ९ आणि १० ही स्तोत्रे एकच आहेत. शेवटी येशूची प्रार्थना: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' मोजायला लोकरीच्या गाठींची दोरी असते, ३३, ५० किंवा १०० गाठींची. ३३ पासून सुरुवात करा.

रविवारी, आणि पुनरुत्थानाच्या सणापासून (ईस्टर) पन्नासाव्या दिवसापर्यंत, गुडघे टेकत नाहीत. ३२५ साली निकिया (आजच्या तुर्कस्तानात) इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलेला हा नियम आहे. ते दिवस उठलेल्या ख्रिस्ताच्या आनंदाचे, म्हणून उभेच राहा.

आयकॉनचे चुंबन घेताना ओठ हाताला किंवा पायाला लावतात, चेहऱ्याला नव्हे. वंदन लाकडाला नसते, चित्रात जो दाखवला आहे त्याला असते. ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेने हेच स्पष्ट केले. लिपस्टिक असेल तर आधी पुसून घ्या, तिचा डाग रंगावरून काढणे फार अवघड.