ओल्ड फॅशन्ड बिघडतं ते बर्फामुळे

घरी ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल करायला शेकर लागत नाही. एक लार्ज, म्हणजे ६० मिली बर्बन किंवा राय व्हिस्की, एक छोटा चमचा साखरेचा पाक आणि अँगोस्तुरा बिटर्सच्या (मसाल्यांचा कडू अर्क) बाटलीचे दोन-तीन झटके. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं, त्यातही एवढंच होतं: दारू, साखर, पाणी, बिटर्स.

यातलं पाणी बर्फातून येतं आणि गडबड तिथेच होते. ट्रेमधले छोटे खडे भराभर विरघळतात, मग तिसऱ्या घोटाला नुसतं पाणचट लागतं. मी आदल्या रात्री छोट्या स्टीलच्या वाटीत पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवते. वाटी बाहेरून क्षणभर नळाखाली धरली की गोळा टपकन सुटतो. वाटी ग्लासात जाते का, हे मात्र आधी बघा. मी पहिल्यांदा बघितलं नव्हतं.

पाक एकतारी नको. साखर आणि पाणी समप्रमाणात, साखर विरघळली की गॅस बंद. कोरडी साखर घातलीत तर तळाशी किरकिरत बसते.

ग्लास बाहेरून गार लागेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट ढवळा. वरून संत्र्याची साल दुमडून पिळा, तेलाचे बारीक तुषार उडताना दिसतात. आतला पांढरा भाग कडू, तो नको. नागपुरी संत्र्याची साल सैल, सोलाणं घसरतं. माल्टा मिळाला तर उत्तम.