फुकटा प्रवासी दिसला तर सांगावं का गप बसावं?

आधी हे बघा की तो खरंच फुकटा आहे का. एसटीत 75 च्या पुढचे आजी-आजोबा फुकटच जातात, बायांना 2023 पासून अर्धं तिकीट, पोरापोरींचे पास वेगळेच, त्यामुळं शेजारच्यानं पैसे काढले नाहीत म्हणून लगेच चोर ठरवू नका. जिंतूरच्या गर्दीच्या गाडीत तर कंडक्टर मागपर्यंत पोचायलाच दोन गावं जातात, तोवर बिचारा सुट्टे घेऊन बसलेला असतो.

माझं मत विचाराल तर एकट्यादुकट्या माणसाची चुगली करत बसू नये. फार तर "मास्तर, मागं तिकिटं राहिलीत बघा" एवढं मोघम म्हणा, बास, कुणाकडं बोट नको.

पण कंडक्टरच पैसे घेऊन तिकीट देत नसेल तर मात्र सोडू नका. आधी तिकीट मागा, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, बहुतेक वेळा तिथंच मशीन वाजतं. नाहीच दिलं तर गाडीचा नंबर, वेळ, कुठून कुठं हे लिहून घ्या अन् आगारात व्यवस्थापकाकडं लेखी द्या.

रेल्वेचं वेगळं. पूर्णा-परभणी पट्ट्यात रिझर्व्हेशनच्या डब्यात बिनतिकीट मंडळी तुमच्याच सीटवर ठाण मांडून बसायलेत तर टीसीला सांगा, नाहीतर रेल्वेच्या हेल्पलाइनला 139 वर फोन लावा, ह्यात चुगली कसली. बिनतिकीट सापडला तर भाड्यावर कमीत कमी 250 रुपये दंड आहेच. स्वतः वाद घालू नका, व्हिडिओ काढून ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, एखाद्याकडं पास निघाला की तुमचीच पंचाईत.