सेल्सफोर्स अपग्रेडमधे शेड्युल्ड जॉब्सचं काय करायचं

आमच्या इंदूरच्या टीममधे वर्षातून 3 वेळा, म्हणजे सेल्सफोर्स या ग्राहकांचा डेटा सांभाळणाऱ्या क्लाउड सिस्टिमचा स्प्रिंग, समर, विंटर रिलीज (नवी आवृत्ती) आला की हाच प्रश्न, की रात्री आपोआप चालणारा जॉब मेला का? मरत नाही हो. शेड्युल्ड एपेक्सची (ठरल्या वेळी आपोआप चालणारा सेल्सफोर्समधला कोड) वेळ डाउनटाइममधे (सिस्टिम बंद असताना) आली तर सिस्टिम परत सुरू झाल्यावर, रिसोर्सेस मोकळे झाले की तो चालतो. रांगेतल्या बॅच जॉबचंही (खूप रेकॉर्ड तुकड्यांत हाताळणारा जॉब) तेच.

खरी गोम जॉब चालू असतानाच डाउनटाइम लागला तर आहे, कारण तो रोलबॅक होऊन (केलेले बदल मागे घेऊन) पुन्हा चालतो पण रोलबॅक फक्त सेल्सफोर्सच्या आतल्या डेटाचा, कॉलआउटने (बाहेरच्या सिस्टिमला पाठवलेली विनंती) बाहेर गेलेलं काही परत येत नाही, आमच्याकडून एका क्लायंटला एकच इनव्हॉइस दोनदा गेलं आणि सोमवारी सकाळचे पोहे तसेच थंड झाले. म्हणून बाहेर पाठवताना प्रत्येक रेकॉर्डला युनिक की (दुसऱ्या कशाला नसलेला ओळख क्रमांक) लावा, समोरच्या सिस्टिमने डुप्लिकेट नाकारलं पाहिजे.

आधी ट्रस्ट साइटवर (सेल्सफोर्सची सिस्टिम चालू-बंद दाखवणारी साइट) आपल्या इन्स्टन्सची (आपला डेटा ज्या सर्व्हरवर आहे तो) मेंटेनन्स विंडो, म्हणजे देखभालीची वेळ बघा, ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा, आणि जड जॉब तिथून हलवा. नंतर क्रॉनट्रिगरमधे (शेड्युल्ड जॉब्सची नोंद) नेक्स्टफायरटाइम म्हणजे पुढची वेळ, एसिंकएपेक्सजॉबमधे (बॅकग्राउंडला चालणाऱ्या जॉब्सची नोंद) स्टेटस तपासा. मोठ्या अपग्रेडनंतर लोडमुळे उशीर होतोच, घाईने हाताने रन कराल तर जॉब दोनदा चालेल.

डेटा लोडर (सेल्सफोर्समधे डेटा टाकायचं-काढायचं टूल) मात्र आपल्याच सर्व्हरच्या टास्क शेड्युलरवर असतो, त्याला सेल्सफोर्स परत चालवत नाही, तो फेल होऊन गप्प बसतो, लॉग बघून तुम्हीच चालवा.