मे महिन्यात शेततळ्यातला मासा कसा जगवायचा

समुद्र तापला की मासा जागा बदलतो. पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर मिळणारी तारली उत्तरेकडे पसरली, बांगडाही सरकला. नागपूरकडच्या शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला पळायला जागाच नाही. पारा ४५ च्या पुढे गेला तरी त्याला त्याच पाण्यात दिवस काढावे लागतात.

खरा घात ऑक्सिजनच्या तुटीने होतो. २० अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्यात उन्हाने माशाची गरज वाढलेली असते. रात्री शेवाळही ऑक्सिजन ओढतं, म्हणून सर्वात वाईट वेळ सूर्योदयाच्या थोडी आधीची. मोजमाप तेव्हाच घ्या. दुपारचा आकडा छान दिसतो, पण फसवतो. ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर निश्चिंत राहा, ३ च्या खाली गेला तर लगेच हालचाल करा.

तयारी मार्चमध्येच सुरू करा. विक्रीजोगे मासे काढून गर्दी कमी करा. पाणी किमान ५-६ फूट ठेवा. उथळ तळं तळापर्यंत तापतं. पाणी हिरवंगार होऊ लागलं की शेणखत बंद. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवा: तळहात बोटभर खोलीवरच दिसेनासा झाला तर शेवाळ फार माजलंय, हातभर खोल दिसला तर ठीक. खाद्य सकाळी ऊन वर आल्यावर द्या, तेही निम्मं. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि अमोनिया होतो. गरम, हिरव्या पाण्यात दुपारी सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून अशा वेळी ‘पाणी सुधारेल’ म्हणून चुना टाकू नका. चुन्याने सामू आणखी चढतो.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की खाद्य पूर्ण थांबवा आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा. नसेल तर मोटरने तळ्याचंच पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत पाडा. बोअरचं पाणी सरळ पाइपाने सोडू नका, त्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो. ते उंचावरून, पसरून पडू द्या. एरेटर असेल तर रात्री २ पासून ऊन येईपर्यंत चालवा. मासे वर येण्याची वाट पाहणं म्हणजे उशीर.

मोठे मासे आधी मेले आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) जगली, तर बहुधा ऑक्सिजनची तूट. लहान-मोठे एकदम मेले तर विषाचा संशय घ्या.

मृगाआधीच्या पहिल्या वळवाला सगळ्यात जास्त जपा. गार पाणी खाली बसतं, तळाचं कुजकं पाणी वर येतं आणि एका रात्रीत तळं रिकामं होऊ शकतं. आभाळ भरून आलं की त्या दिवशी खाद्य टाकू नका, आणि डिझेल इंजिन तयार ठेवा, कारण वादळात वीज हमखास जाते.